गोपाळरावांची सोळा पानं

सोनिका भोयर पहिलं खोटं बोलली ते भर दुपारी, पंचफुला मावशीच्या मेसच्या दारात, डोक्यावरचं हेल्मेटबी न काढता.

"हे घ्या मावशी," म्हणत तिनं पिशवीतून जाडजूड पुस्तक काढलं. "राइस मिलवाल्याचं आत्मचरित्र हाय."

मावशीनं त्या पुस्तकाकडे असं पाह्यलं जसं कोणी तिच्या दारात शिळी भाजी आणून ठेवली. "राइस मिल? दिवसभर पंचवीस पोट्ट्यायसाठी भात शिजवते मी. आता दुपारच्याले वाचूबी तांदूळच काय वं?"

"तांदूळ वरवर हाय." सोनिकानं आवाज खाली आणला. आजूबाजूले कोणी नव्हतं, एक कुत्रं होतं, तरीबी आणला. "आतमंधी खरी लव्हस्टोरी हाय. घडलेली. मी सांगा नाही पायजे, पण तुमी आपल्या हा म्हणून सांगून राहिली."

मावशीनं हात पदराले पुसले, पुस्तक घेतलं आन् दार लावून घेतलं. लोटलं नाही, लावलं.

आता ही पोट्टी खोटं काहून बोलली, तं त्याचं असं. त्रिमूर्तीनगरच्या मागच्या गल्लीत एक जुनं वाचनालय हाय. तिथचे पुस्तकं सोनिका स्कुटीवर घरोघरी पोचवे. वय बावीस, कॉलेज अर्ध्यात सोडलेलं, डोळा तेज आन् डोकं गरम. पण काम तिले असं मानवलं होतं की विचारू नका. डोक्यावर कोणी साहेब नाही. या गल्लीतून त्या गल्लीत जावं, कोणाच्या घरी कोणत्या भाजीले फोडणी पडली, कोणाची सून माहेरी गेली ते पाहावं, पुस्तक द्यावं, पुस्तक घ्यावं आन् पुढं निघावं.

पण वाचनालयाचे अध्यक्ष होते गोपाळराव पांढरीपांडे. पाटबंधाऱ्यातून रिटायर झालेले इंजिनियर. त्यायचा आवाज असा की जवळ बसलेल्यालेबी वाटे, आपण कालव्याच्या दुसऱ्या काठावर उभे हाव. त्यायनं ठरवलं की स्पर्धा परीक्षेच्या पोरायसाठी अभ्यासिका काढायची. जागा कुठून आणायची? तं मागच्या भिंतीले जे लांबलचक कपाट हाय, चरित्र आन् आत्मचरित्रायचं, ते काढायचं. पुस्तकं रद्दीत. आन् एवढी पुस्तकं गेल्यावर घरपोच न्यायले उरते काय, म्हणून सोनिकाबी बंद.

सोनिकाच्या मायनं हे ऐकलं आन् दुसऱ्याच दिवशी हिंगण्याच्या एका कंपनीत शब्द टाकून ठेवला. पॅकिंग लाईनवर. एका जागी उभं राहायचं, समोरून डबे येतीन, त्यायले झाकण लावायचं, संध्याकाळी कंपनीच्या बसनं घरी. सोनिका नुसतं ऐकूनच लाल झाली. "माय, बैल समजली का मले? घाण्याले जुपून राहिली ते?"

"घाण्याच्या बैलाले निदान फिरायले तं भेटते," माय म्हणाली.

वाचनालयाचे सचिव मधुसूदन जरा मऊ माणूस. त्यायनं सोनिकाले बाजूले घेऊन सांगितलं, "हे बघ, पुढच्या मिटिंगपर्यंत हे कपाट हललं ना, तर मी दोन शब्द बोलीन तुझ्यासाठी. साहेब दुसरं काही पाहत नाहीत, धूळ पाहतात. धुळीवर बोट फिरवतात."

सोनिकानं तिथल्या तिथं फडकं उचललं.

"पुसून नाही गं बाई," मधुसूदन म्हणाले. "लोकांनी नेऊन."

म्हणून ते राइस मिलवाल्याचं पुस्तक. पंचफुला मावशीनं ते हप्त्याभरात खाल्लं. परत देताना सोनिकाकडे पाहून विचारलं, "कुठी होती वं ते लव्हस्टोरी?"

"नाही दिसली?"

"एक मुनीमजीची पोरगी येते मधात. तेच काय?"

"आता तुमी समजदार हा मावशी," सोनिका म्हणाली. "सगळं उघडं थोडी लिहितात मोठे लोक."

मावशीनं थोडा विचार केला आन् मान हलवली. "मले वाटलंच होतं. तिच्या बापाले त्यानं दोनदा पगारवाढ दिली. काहून दिली? अजून आण असंच एखादं."

त्या दिवशी सोनिकाले रस्ता सापडला. तिनं कपाटातलं एक पुस्तक वाचलं असंन तं शपथ. ती फक्त मुखपृष्ठावरचा फोटो पाहे आन् ठरवे. मिशी बारीक असली की याचा पत्रव्यवहार होता. मिशी जाड असली की यानं पोरगी पळवली होती. मिशीच नसली तं बिचाऱ्याचं एकतर्फी होतं. पोस्टमास्तर, होमिओपॅथीचे डॉक्टर, शाळा काढणारे गुरुजी, सगळ्यायले तिनं एकेक प्रकरण चिकटवून दिलं. एका वैद्यबुवाले तं दोन दिले, कारण त्यायचं पुस्तक दोन खंडात होतं.

आन् तक्रार घेऊन कोणी येईना. कसं येईन? तक्रार करायची तं पहिले हे सांगा लागते की मी साडेचारशे पानं कायच्यासाठी वाचली. रिटायर झालेले लोक पुस्तक परत देत, घसा साफ करत आन् म्हणत, "माहितीपूर्ण आहे." मंग इकडे तिकडे पाहून हळूच विचारत, "ह्याच प्रकारातलं दुसरं आहे का?"

एक आजोबा मात्र पोस्टमास्तरचं पुस्तक दोन्ही हातानं धरून गेटपर्यंत आले. "सापडलं मला," म्हणाले. "बायको बाळंतपणाहून परत येणार होती. गाडी सकाळची, हा गडी आदल्या संध्याकाळपासून स्टेशनच्या बाकावर जाऊन बसला. दोनच ओळी आहेत. बरं झालं तू सांगितलंस, नाहीतर निसटलं असतं."

सोनिका हाव म्हणाली आन् स्कुटीले किक मारली. पुढच्या चौकापर्यंत तिले समजेना की आपण खोटं बोललो की खरं.

कपाट रिकामं होत गेलं. राहिला फक्त सगळ्यात खालचा खण, आन् त्यात खुद्द गोपाळरावांचं आत्मचरित्र. 'कालव्याकाठची पस्तीस वर्षं'. वीस प्रती, छापखान्याच्या कागदात गुंडाळलेल्या तशाच. पाच वर्षांपहिले मोठ्या थाटात प्रकाशन झालं होतं, शाल, श्रीफळ, भाषणं, वरतून मसालेभात. आलेल्या प्रत्येकाले एकेक प्रत भेटली होती. त्यानंतर त्या खणात एक पाल राहून राहिली होती.

मुखपृष्ठावर तरुणपणचे गोपाळराव कालव्याच्या काठावर कमरेवर हात ठेवून उभे, डोळ्यावर काळा गॉगल. सोनिकानं गॉगल पाह्यला आन् ठरवून टाकलं.

"मावशी, हे घ्या. आपल्या अध्यक्षायचंच हाय. पण कोणाले सांगू नका."

"पांढरीपांडे साहेब?" मावशीचे डोळे मोठे झाले. "त्यायलेबी होतं?"

"गॉगल पाहा ना."

चार-पाच दिवसानं सोनिका मेसपाशी पोचली तं मावशी रस्त्यावरच उभी. तिनं स्कुटीची चाबीच काढून घेतली. "पहिले सांग, एकशे चव्वेचाळीसच्या मागून कितवं पान येते?"

"एकशे पंचेचाळीस."

"एकशे एकसष्ट येते." मावशीनं पुस्तक उघडून तिच्या नाकाशी धरलं. "पाहा. फाटलं नाही, कापलं नाही. सोळा पानं हवेत गेले."

झालं होतं असं की पुस्तक बांधताना सोळा-सोळा पानायचे गठ्ठे एकावर एक ठेवून शिवतात. त्यातला एक गठ्ठा शिवणाऱ्याच्या हातून राहून गेला. एका प्रतीत नाही, सगळ्यायत. आन् पाच वर्षं झाले, ज्याले ज्याले ते पुस्तक भेटलं त्यातल्या एकाच्याबी ध्यानात आलं नाही, कारण एकशे चव्वेचाळीसपर्यंत कोणी पोचलंच नव्हतं.

पण खरी गंमत पुढं होती. एकशे चव्वेचाळीस पानाच्या शेवटी लिहिलं होतं, 'पाऊस थांबेना आणि जीप चिखलात रुतलेली. अख्ख्या गावात एकाच घरात दिवा दिसत होता. मी जाऊन दार ठोठावले. दार उघडले आणि' आन् पुढचं पान उघडलं की, 'सिमेंटची गुणवत्ता समाधानकारक नव्हती.'

"दार कोणं उघडलं?" मावशी म्हणाली.

"मले काय माहीत."

"तुले माहीत नसंन तं कोणाले असंन? तूच तं सांगितलं." मावशीनं पुस्तक छातीशी धरलं. "तेच पानं काढून टाकले त्यानं. बायकोच्या भेवानं. छापले, आन् मंग घाबरला."

सोनिकाले हसू आलं, पण तिनं ते गिळलं. इथंच तिची चूक झाली. त्या टायमाले ती बोलली असती की मावशी, मी थापा मारल्या, तं गोष्ट मेसच्या ओट्यावरच संपली असती. पण तिले खालचा खण दिसून राहिला होता. ती म्हणाली, "मी काही बोलली नाही बा."

चार दिवसात वीसच्या वीस प्रती बाहेर. वरतून लोक फोन करून विचारत, माझा नंबर कधी? ज्यायच्या घरी प्रकाशनातली फुकटची प्रत होती त्यायनं ते माळ्यावरून काढून पाह्यली. त्यातबी सोळा पानं नाहीत. मंग तं खात्रीच झाली सगळ्यायची.

गोपाळराव हप्त्यानं वाचनालयात आले, कपाटावरून बोट फिरवलं, बोट कोरंच राहिलं. खाली वाकून पाह्यलं. खण रिकामा.

"माझं पुस्तक कुठे आहे?"

"बाहेर आहे साहेब," मधुसूदन म्हणाले. "सगळ्या प्रती. लोक थांबून राहिले आहेत."

गोपाळराव खुर्चीवर बसले. दुसऱ्या दिवशी संत्रा बर्फीचा डबा घेऊन आले. "लोकांना सिंचनात रुची आहे, मधुसूदन. आपणच त्यांना कमी लेखतो. काल चौकात एक गृहस्थ भेटले. माझा हात हातात घेऊन म्हणाले, साहेब, ते वयच तसं असतं, आम्ही समजू शकतो. डोळ्यात पाणी होतं हो त्यांच्या. मातीच्या धरणाचं प्रकरण वाचून."

सोनिकानं बर्फीचा तुकडा तोंडात टाकला. आन् लगेच स्कुटीची चाबी उचलली.

पाच दिवसांनी गोपाळराव आले ते वेगळेच. शर्टाची बटणं खालीवर लागलेली, केस उभे. सरळ सोनिकासमोर.

"तू काय सांगून राहिलीस लोकांना?"

सोनिका हातातली पुस्तकं नीट लावायले लागली.

"अरुंधती, माझी बायको, माझ्याशी बोलत नाही. तीन दिवस झाले. भजनी मंडळात तिला कोणीतरी विचारलं, वहिनी, दार कोणी उघडलं हो? तिनं घरी येऊन पुस्तक वाचून काढलं. सगळं. आता माझ्यासमोर बसते आणि एकच विचारते, त्या सोळा पानांत कोण आहे?"

"मंग सांगून द्या ना कोण हाय ते."

"तलाठी आहे," गोपाळराव ओरडले. "म्हातारा तलाठी. त्यानं दार उघडलं आणि मला पिठलं-भात दिला."

"सोळा पानं पिठलं-भात?"

"पुढे मातीचे नमुने होते बहुतेक. किंवा बदलीचं प्रकरण." त्यायचा आवाज एकदम उतरला. "नीट आठवत नाही. हस्तलिखित गेलं रद्दीत."

"तुमचंच पुस्तक," सोनिकाचं डोकं फिरलं, "पाच वर्षात तुमी स्वतःबी उघडून नाही पाह्यलं?"

मधुसूदननं डोळ्यानं खुणावलं, चूप राहा. पण तोपर्यंत बोलून झालं होतं. गोपाळरावांचं तोंड असं झालं जसं कोणी त्यायच्या पायाखालचा काठ खचवला.

"परवा मिटिंग आहे," ते शेवटी म्हणाले. "तू आज माझ्या घरी जायचं आणि तिला सांगायचं की तू खोटारडी आहेस. नाही सांगितलंस तर परवापासून इथे पाय ठेवायचा नाही."

सोनिकानं रस्त्यात हिशेब मांडला. नाही सांगितलं तं नोकरी जाते. सांगितलं तं उद्या सगळ्या त्रिमूर्तीनगरले समजते की पोट्टी थापा मारते, परवापासून कपाटाले कोणी हात लावत नाही, मंगबी नोकरी जाते. दोन्हीकडून हिंगणा. तिनं एका ऑटोवाल्याले उगाच शिव्या दिल्या, तरी बरं वाटलं नाही.

अरुंधती काकू व्हरांड्यात भिवापुरी मिरच्यायचे देठं तोडत बसल्या होत्या. सगळ्या अंगणात मिरचीची खाट उठली होती, नाकात झोंबणारी. सोनिका गेटातूनच शिंकत आत आली.

"तू ती पुस्तकवाली ना? बस."

"बसत नाही काकू. मी खोटं बोलली. त्या पुस्तकात काहीबी नाही. म्या ते वाचलंबी नाही. फक्त गॉगल पाहून बोलली." आन् पुन्हा शिंकली.

काकूनं एक देठ तोडला. "मला माहीत आहे."

"काय माहीत हाय?"

"काही नाही त्यात ते. अगं, ह्या माणसाला दारात आलेल्या बाईला बसा म्हणायचं सुचत नाही. माझी मावशी एकदा अर्धा तास फाटकात उभी होती. ह्यांचं कसलं आलंय प्रकरण."

"मंग बोलून काहून नाही राहिल्या त्यायच्याशी?"

काकू उठल्या, हात धुतले, आतून पुस्तक आणलं. पान शोधावं लागलं नाही, तिथं त्यायनं चष्म्याचं घर खुपसून ठेवलं होतं. "वाच."

सोनिकानं वाचलं. 'याच सुमारास माझा विवाह झाला. त्यानंतर लगेचच मला खात्याची जीप मिळाली.'

"पुढे वाच."

पुढं जीपच होती. जीपचा रंग, जीपचा नंबर, जीपचं इंजिन, जीप एकदा नाल्यात कशी उतरली आन् कशी वर आली. अडीच पानं.

"तिच्या नंबरप्लेटचासुद्धा उल्लेख आहे," काकू म्हणाल्या. "माझं नाव पूर्ण पुस्तकात नाही. प्रकाशनाच्या दिवशी मी उभी राहून मसालेभात वाढत होते, पुस्तक उघडायला वेळ कुठे होता. तुझ्यामुळे वाचलं. दुसरीच कोणी बाई शोधत होते, पहिलीच सापडली नाही."

सोनिकानं चष्म्याचं घर परत त्या पानात खुपसलं आन् पुस्तक मिटलं.

"आता ऐक. ह्या तीन दिवसांत तो माणूस सकाळी उठून चहा करतो. वाईट करतो, साखरेचा पाक, पण करतो. संध्याकाळी माझ्यासमोर बसतो. त्या वर्षी कुठे होतो, काय खाल्लं, कशाची भीती वाटायची, सगळं सांगतो. अठ्ठेचाळीस वर्षांत एवढं बोलला नव्हता. आज तू सांगितलंस आणि मी ऐकलं असं त्याला समजलं, की उद्या पुन्हा पेपर तोंडासमोर. तर तू मला काही सांगितलेलं नाहीस."

"वा," सोनिका भडकली. "तुमचा चहा चालू राहावा म्हणून मी हिंगण्याले जाऊन डब्यायले झाकणं लावू काय? परवा मिटिंग हाय. त्यायनं कपाट रद्दीत काढलं की मीबी रद्दीत. तुमच्या भांडणात माझा काहून जीव घेऊन राहिल्या?"

काकूनं तिच्याकडे पाह्यलं. मंग पहिल्यांदा हसल्या. "रागीट आहेस."

"हाव."

"मीही होते. बस आता, मिरच्या घे. आणि सांग, तुझं ते कपाट कसलं?"

सोनिका बसली. देठं तोडता तोडता तिनं कपाटातल्या लोकायबद्दल सांगितलं, मिशीवरून प्रकरण कसं ठरवलं ते सांगितलं. काकू इतक्या हसल्या की मिरचीचा हात डोळ्याले लागला आन् मंग दोघींले नळावर धावा लागलं. पोस्टमास्तर स्टेशनवर जाऊन बसला होता तेबी सांगितलं. त्यावर काकू हसल्या नाहीत.

"आदल्या संध्याकाळपासून?"

"हाव. दोन ओळी हायेत म्हणे."

"दोन ओळी म्हणजे मोप झाल्या," काकू म्हणाल्या.

आन् तोंडावर पाणी मारता मारता सोनिकाच्या डोक्यात एक गोष्ट आली. तिनं ते काकूले सांगितली. काकूनं पदरानं तोंड पुसलं आन् म्हणाल्या, "जमेल तुला?"

"थापा मारायच्या नाहीत ना यात. म्हणून जरा भेव वाटून राहिलं."

मिटिंगच्या दिवशी गोपाळराव वाचनालयाच्या व्हरांड्यात वाटच पाहत होते. "सांगितलंस?"

"सांगितलं. मी खोटं बोलली, त्यात काही नाही, असं सांगितलं."

"मग?"

"काकूनं ऐकून घेतलं. पण त्या म्हणतात, सोळा पानं पायजेच."

"अगं, पण मला ते आठवत नाही."

"ते नाही. नवे. त्यायच्यावर."

गोपाळराव तिच्याकडे पाहतच राहिले.

"जीपले अडीच पानं देल्ले तुमी," सोनिका म्हणाली. "काकूले दीड ओळ. त्यात नाव नाही."

"असं कसं होईल?"

"घरी जाऊन वाचा."

त्यायनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. आवाज असा निघाला की सोनिकाले जवळ सरका लागलं. "बायकोबद्दल काय लिहायचं असतं?"

"मले काय माहीत. माझं कुठी लग्न झालं. पण इतक्या लोकायनं आपापलं आयुष्य लिहून ठेवलं, त्यायलेबी बायका असतीनच. एकजण तं रात्रभर स्टेशनच्या बाकावर बसला होता म्हणे. वाचून पाहा, कसं लिहितात ते समजंन."

"कुठे आहेत ते?"

"मागच्या कपाटात. उद्या रद्दीवाला येऊन राहिला ना, तुमच्याच सहीनं."

मिटिंग बसली. मधुसूदननं कागद पाहून वाचलं, "विषय दुसरा. चरित्र विभाग रद्द करून अभ्यासिकेची टेबलं लावणे."

गोपाळरावांनी घसा साफ केला. "कपाट राहू द्या."

मधुसूदननं कागद खाली ठेवला. "साहेब, तुम्हीच तर म्हणत होते."

"टेबलं व्हरांड्यात लावा. तिथे वारा असतो."

"ह्या उन्हात?"

"आमच्या घरचा मोठा कुलर आणून लावू. आम्हा दोघांना एक पुरतो." मंग त्यायनं सोनिकाकडे न पाहता पुढं रेटलं, "घरपोच सेवाही चालू ठेवा. अरुंधतीला पुस्तकं लागतात."

खोलीतले सगळे एकमेकाकडे पाहायले लागले. साहेबाच्या बायकोचं नाव काय हाय, हे त्यातल्या अर्ध्यायले त्या दिवशी समजलं.

मिटिंग उठली तसे गोपाळराव कपाटापाशी गेले. हप्त्यात परत आलेली पुस्तकं मधुसूदननं लावून ठेवली होती. गोपाळरावांनी सोनिकाले बोलावलं. "ह्यातल्या कोणकोणत्या पुस्तकात आहे ते?"

सोनिकानं सवयीनं आवाज खाली आणला, तोंड उघडलं, एका जाड मिशीकडे बोटबी केलं. मंग बोट खाली घेतलं. "मले नाही माहीत काका. पोस्टमास्तरचं तेवढं माहीत हाय, तेबी एका आजोबानं सांगितलं म्हणून. म्या यातलं एकबी नाही वाचलं."

"एकही नाही?"

"तुमचंबी नाही."

तिले वाटलं आता भडका उडते. गोपाळराव नुसते हं म्हणाले. पोस्टमास्तरचं पुस्तक काखेत मारलं, मिशी न पाहता आणखी एक उचललं आन् चालायले लागले.

आता सोनिका दर शुक्रवारी पांढरीपांड्यांच्या घरी जाते. परवा गेली तं गोपाळराव व्हरांड्यात, मांडीवर पाटी, पाटीवर कागद. एका कागदावर लिहिलेलं, बाकीचे चुरगळून खाली पडलेले. आतल्या खोलीतून कुकरची शिटी झाली.

त्यायनं सोनिकाले हातानं जवळ बोलावलं. "ऐक ना," एकदम बारीक आवाजात, "आत जा आणि सहज काढल्यासारखं विचार. मी तिला पाहायला गेलो तेव्हा साडी कोणत्या रंगाची होती. मी हिरवी लिहिली, तर तिनं पूर्ण पान परत केलं."

सोनिका चप्पल काढून आत जायले निघाली, तेवढ्यात आतूनच आवाज आला.

"तिला पाठवू नका. तिथंच बसा आणि आठवा."

गोपाळरावांनी नवा कागद घेतला. "निळी असेल," ते पुटपुटले.

सोनिकानं खिडकीतून पाह्यलं तं काकू ओट्यापाशी पाठ करून उभ्या होत्या, पदर तोंडाशी धरलेला, आन् हसू दाबता दाबता खांदे हलून राहिले होते.